पटत नसेल तर शिट्टी घे

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. तुम्ही दोघं ठीक असणार असं मी गृहीत धरते. नसतात तर मामीने एव्हाना फोन करून माझं डोकं खाल्लं असतं. तुला फोन करण्यात काही अर्थ नाही. मागच्या वेळी केला तेव्हा तुझं घासायचं यंत्र चालू होतं आणि मी बराच वेळ कोणाच्या तरी कवळीशी बोलत होते. म्हणून पत्र.

कामाचंच आहे, पण घाबरू नकोस. माझी नोकरी तू सगळ्यांना ‘सरकारात, खेळाच्या पैशांवर’ अशी सांगतोस म्हणे. जवळपास बरोबर आहे. गावोगावच्या लहान मैदानांना मदत करणारा जो निधी आहे, त्याच्या कचेरीत मी बसते. देशाला खेळाडू मिळावेत, पोरांना मैदान मिळावं आणि दोन्ही एकाच पैशात व्हावं, असा आमचा हेतू. दर तीन वर्षांनी सगळ्या मैदानांची उजळणी होते आणि कोणाची मदत चालू ठेवायची, कोणाची थांबवायची ते ठरतं. यंदा त्यात तुझं मैदान आहे.

मी त्याच दिवशी आमच्या मोठ्या बाईंना सांगून टाकलं की हा माझा सख्खा मामा, ही फाइल माझ्याकडे नको. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस," आणि फाइल शेजारच्या टेबलावर सरकवली. तिथे एक गृहस्थ बसतात. फार सज्जन, फार नेमके आणि हातात कायम लाल पेन. आम्ही त्यांना लाल पेनच म्हणतो, अर्थात त्यांच्यामागे. त्यांनी तुझ्या मैदानावर फुली मारली आहे. कारण एकच. इतक्या वर्षांत तिथून एकही मुलगा किंवा मुलगी वरच्या संघात गेलेली नाही. देशाच्या राहू दे, प्रांताच्या कुमार संघातसुद्धा नाही.

मदत थांबली तर काय होईल तेही ऐक. तुमच्या नगरपालिकेने आम्हाला आधीच लिहून दिलंय, की निधी हात काढून घेणार असेल तर ती जागा मालमोटारी उभ्या करायला हवी आहे.

मला तुझी बाजू मांडता येणार नाही आणि मी मांडणारही नाही. पण प्रश्न विचारायला कोणाची बंदी आहे? रोज संध्याकाळी एवढी पोरं फुटबॉल खेळतात, ‘मामा, मामा’ करत तुझ्यामागे धावतात, आणि त्यातून एकसुद्धा खेळाडू निघत नाही? असं कसं? मी टोमणा मारत नाहीये. मला खरंच कळत नाही. मार्चअखेर बैठक आहे, त्याआधी विचार करून लिही.

तुझी,
चौकशीबाई
(नाव तूच ठेवलंयस, आता भोग.)


९ फेब्रुवारी

चौकशीबाई,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

खेळाडू निघत नाही म्हणजे काय? खेळाडू म्हणजे काय दात आहे, चिमटा लावला की निघाला? तुझ्या पत्राने दोन दिवस माझा घास अडला. (तिसऱ्या दिवशी मी तो भरून काढला असं डबा घेऊन आलेली मामी शेजारून सांगते आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

हे पत्र दातांच्या दवाखान्यामागे मी कवळ्या बनवतो त्या खोलीतून लिहितोय. समोर एका निवृत्त मास्तरांचा जबडा मेणात मांडून ठेवलाय. पुढचे चार दात पूर्वी होते तसेच थोडे वाकडे हवेत, असा त्यांचा हट्ट आहे. सरळ दात लावले तर बायको ओळखणार नाही म्हणतात. मी लावून देणार आहे वाकडे. सांगायचा मुद्दा हा की माझ्या हातून माणसाला हवं ते निघतं. मैदानावर मात्र काय चुकलं, कोण जाणे.

प्रयत्न कमी पडले असं समजू नकोस. आमची काडी तुला आठवत असेल, ती बारीक पोरगी. वाऱ्यासारखी पळायची. ती जाणार वरच्या संघात, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं. निवडीच्या वर्षीच तिचा गुडघा गेला. भोपळ्याला पळता येत नसे, पण तो मैदान सोडून जातही नसे. घुम्या चांगला होता, पण चेंडू माग असं सांगितलं तरी तोंड उघडायचा नाही. आणि वकील! त्याला मी निवडीला पाठवलं तर निवड करणाऱ्यांशीच भांडून आला.

आता तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस. मध्यंतरी भोपळ्याने मला एका मोठ्या सामन्याचं तिकीट पाठवलं. मला वाटलं, पोरगा खेळतोय! नवा सदरा घालून गेलो. तर शेजारी बसलेल्याने सांगितलं, हा मध्ये उभा राहून शिट्टी वाजवतोय. काडीही आता तेच करते, तुमच्याच शहरात असते. घुम्या रेषेवर झेंडा धरून उभा असतो. वकीलसुद्धा कुठेतरी पंच आहे म्हणे. खेळायला मिळालं नाही म्हणून बिचाऱ्यांनी दुधाची तहान ताकावर भागवली. मी गावात काही बोललो नाही. लोक विचारतील, मामा, खेळाडू करायचे सोडून हे काय केलंत?

मालमोटारींचं मला तुझ्याकडूनच कळतंय.

तुझा,
मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

ताक? अरे, तू काय लिहिलंयस ते तुझं तुला तरी कळलंय का?

तुझं पत्र वाचून मला राहवेना. पंचांच्या संघटनेची कचेरी आमच्याच इमारतीत खाली आहे. जेवणाच्या सुट्टीत गेले. तिथे एक वयस्कर कारकून आहेत, त्यांना तुझ्या गावाचं नाव सांगितलं मात्र, ते हसायलाच लागले. म्हणाले, "त्या गावाला आम्ही शिट्ट्यांची खाण म्हणतो." मग त्यांनी कपाट उघडून मला दाखवलं. देशातल्या वरच्या दोन साखळी स्पर्धांमध्ये जे पंच आहेत, त्यात साधारण दर पाचवा तुझ्या मैदानावर वाढलेला. एका गावातून! तू चारच नावं सांगितलीस. उरलेली कोण, ते तुला माहीत तरी आहे का?

आणि पुढचं ऐक. गेल्या वर्षी देशात मुलांचे जेवढे सामने ठरले होते, त्यातले जवळजवळ एक तृतीयांश झालेच नाहीत, किंवा मारामारीत मोडले. पाऊसपाणी, पैसा, काही आड आलं नाही. पंच मिळाला नाही, एवढंच. मैदानं आम्ही बांधली, चेंडू आम्ही वाटले, पोरं तयारच असतात. निर्णय देणारं माणूस नाही आणि दिलेला निर्णय ऐकणारंही नाही. इतकी वर्षं आम्ही पायांवर खर्च केला आणि अख्खा खेळ अडून बसलाय तो भलत्याच ठिकाणी.

मोठ्या बाईंसमोर, लाल पेनही बसलेले असताना, मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाई विचारात पडल्या. लाल पेन म्हणाले, "आपल्या तक्त्यात पंचांना रकाना नाही." मग स्वतःच थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिले.

आता मला झोप येत नाही ती वेगळ्याच कारणाने. हे होतं कसं? आधी वाटलं, खेळ जमला नाही म्हणून ती पोरं पंच झाली. पण खेळ न जमणारी पोरं सगळ्याच गावांत असतात, त्यांचा कुठेच तुटवडा नाही. ती काही पंच होत नाहीत. मग तुझ्याकडेच का? मातीत आहे? पाण्यात आहे? तू त्यांना काय सांगतोस?

माझं एक काम कर. एक संध्याकाळ काहीही शिकवू नकोस. नुसता बस आणि बघ. मग जे दिसेल ते लिही.

तुझी,
चौकशीबाई


२५ फेब्रुवारी

चौकशीबाई,

तुझ्या सांगण्याप्रमाणे एक संध्याकाळ बाकावर बसून मी सगळं नीट ऐकलं. म्हणजे पाहिलंही.

रोजच्यासारखेच दोन गट पडले होते. शिट्टी माझ्याकडेच होती, कारण सुरुवात मीच करून देतो. थोड्या वेळाने पलीकडच्या कोपऱ्यात गलका झाला. मी ‘चेंडू बाहेर’ म्हणून शिट्टी दिली. त्याबरोबर चिंगळी म्हणून एक टीचभर पोरगी आहे, ती तिथून ओरडत आली, "मामा, आत होता! चांगला वीतभर आत होता!" मी नेहमीचं म्हटलं, "पटत नसेल तर शिट्टी घे." तिने घेतली.

आमच्याकडे हे असंच चालतं. निर्णय पटला नाही तर तोंडाने भांडायचं नाही. शिट्टी घ्यायची, खेळातून बाहेर व्हायचं आणि पुढचा खेळ आपण चालवून दाखवायचा. मग दुसऱ्या कोणाला तुझा निर्णय पटला नाही की शिट्टी त्याच्याकडे. ज्याला खेळायचंय तो उगाच भांडत नाही, कारण भांडला तर खेळणं गेलं. आणि जो भांडतो, त्याला पक्कं दिसलेलं असतं. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. नसतं का?

चिंगळीला पोरांनी सुरुवातीला फार पिडलं. तिचे डोळे भरून आले होते, आवाजावरून कळत होतं. मग तिने स्वतःच्याच गटाविरुद्ध दंड दिला. तिचा सख्खा भाऊ किंचाळला, "तू आपल्या बाजूची आहेस ना?" ती म्हणाली, "शिट्टी आहे तोवर नाही." आणि तो गप्प बसला. मी बाकावर बसून मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास!

तर आता तू विचारशील की ही पद्धत आली कुठून. ती मी घातली, अत्यंत विचारपूर्वक. ज्या देशातल्या मुलांना दुसऱ्याचा निर्णय मानता येत नाही आणि स्वतःचा देता येत नाही, तो देश पुढे कसा जाणार, हा विचार माझ्या मनात पहिल्यापासून होता. हे वाक्य तुझ्या लाल पेनना दाखवलंस तर माझी हरकत नाही.

तुझा,
मामा


२६ फेब्रुवारी

बाळ,

तुझ्या मामांचं पत्र पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं होतं. उघडंच होतं, वाचलं. विचारपूर्वक! मी हसून हसून खुर्चीत बसले.

बाई गं, यांना दिसत नाही. जवळचं असं दिसतं की दातावरची रेघ चुकायची नाही, आणि खोलीच्या पलीकडचं सगळं धुकं. आमच्या लग्नात यांनी हार माझ्या बहिणीसमोर धरला होता, तेव्हापासून मला माहीत आहे. अर्धं गाव यांना गर्विष्ठ समजतं, कारण हे ओळख देत नाहीत. उरलेलं अर्धं फार नम्र समजतं, कारण हे सावध म्हणून दिसेल त्याला नमस्कार करतात. गेल्या आठवड्यात दिव्याच्या खांबाची विचारपूस केली.

चष्मा घ्या म्हणून मी इतकी वर्षं कपाळ फोडून घेतलं. ऐकत नाहीत. डॉक्टरांना कळलं की दातवाल्याची नजर अधू आहे, तर काम दुसऱ्याकडे जाईल, ही भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता मैदानाच्या पलीकडे चेंडू आत होता की बाहेर, हे यांना कसं कळणार? गलका झाला की अंदाजाने शिट्टी मारायची. पोरं भांडायला आली की वैतागून म्हणायचे, "तुला दिसलं ना? मग तूच घे शिट्टी." यातून निघालीय ती तुमची पद्धत. देशाचा विचार वगैरे काही नाही.

आणि मालमोटारींचं तुझ्याकडून कळलं म्हणतात, ते खोटं. मोजणीवाले येऊन मैदानात खुंट्या ठोकून गेले होते. यांनी त्या उपटून आणल्या, आमच्या न्हाणीघरामागे पडल्या आहेत. त्या दिवसापासून यांना झोप नाही. वरून विनोद चालू असतात, पण कवळीला पॉलिश करताना हात थांबतो, मी पाहते ना. ते मैदान गेलं तर या माणसाचं संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न मलाही पडलाय.

मी लिहिलंय हे त्यांना सांगू नकोस.

मामी


५ मार्च

मामा,

तुझं पत्र मिळालं. पद्धत फारच विचारपूर्वक आहे, यात शंका नाही.

तुझं ते देशाबद्दलचं वाक्य मी लाल पेनना दाखवलं नाही, पण पद्धत काय आहे ते सांगितलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि विचारलं, "आणि मुलं ऐकतात?" मी म्हटलं, ऐकतात म्हणे. ते म्हणाले, "म्हणे चालणार नाही. मी जाऊन बघतो." मामा, या माणसाने गेल्या पाच वर्षांत टेबल सोडलेलं नाही!

ते पंधरा तारखेला येतील. निकाल त्यांच्या अहवालावर आहे आणि मला त्यात एक शब्दही बोलता येणार नाही. म्हणून हात जोडून एकच सांगते. काहीही बदलू नकोस. रंग देऊ नकोस, पोरांना नवे कपडे घालू नकोस, भाषण करू नकोस. रोज चालतं तसंच चालू दे. तूही रोज असतोस तसाच अस.

शेवटचं वाक्य दोनदा वाच.

तुझी,
चौकशीबाई


१७ मार्च

चौकशीबाई,

हात दाखवून अवलक्षण केलं. आता सगळं सांगतो, कारण तू मामीकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. शिवाय माझ्या डोळ्यांचं तुला आधीपासून ठाऊक होतं, हेही काल मामीच्या तोंडून निघून गेलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता काय अर्थ?

मला वाटलं, एवढा नेमका माणूस येतोय, त्याच्यासमोर अंदाजपंचे शिट्टी वाजवली तर गेलंच मैदान. म्हणून पुढच्या गावी जाऊन गुपचूप चष्मा करून आणला. पंधरा तारखेला तो घालून मैदानावर गेलो. तुला काय सांगू! पलीकडच्या भिंतीवर विटा आहेत. वेगवेगळ्या. आणि पोरं! चिंगळीच्या नाकावर तीळ आहे. मी तिला आवाजाने ओळखायचो.

लाल पेन बाकावर येऊन बसले. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, मांडीवर वही. मी खेळ सुरू केला आणि बाळ, एकही निर्णय चुकला नाही. आत तो आत, बाहेर तो बाहेर. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं की मैदान गप्प आहे. कोणी भांडत नाही. कोणी शिट्टी मागत नाही. भांडणार कशावर? सगळं बरोबरच चाललं होतं. पोरं मान खाली घालून शाळेतल्यासारखी खेळत होती आणि लाल पेन घड्याळ बघत होते. जे दाखवायला त्यांना बोलावलं, तेच मी चष्मा घालून बंद पाडलं होतं. चष्मा काढून खिशात घालावा म्हटलं, तर आता सगळ्यांनी पाहिला होता.

मग गोलाजवळ गर्दी झाली आणि मी दंड दिला नाही. द्यायला नकोच होता. पण बाकावरून आवाज आला, "अहो, हाताला लागला ना!" लाल पेन उठून उभे राहिले होते. पाठोपाठ स्वतःच दचकले आणि म्हणाले, "माफ करा, माझा संबंध नाही." पण चिंगळी ऐकून घेते का? तिने माझ्या हातातून शिट्टी घेतली, सरळ बाकाकडे गेली आणि म्हणाली, "काका, पटत नसेल तर शिट्टी घ्या."

त्यांनी वही खाली ठेवली. मला वाटलं निघाले. तर त्यांनी शिट्टी घेतली, रुमालाने पुसली आणि कचेरीच्या बुटांसकट मातीत उतरले. पहिलाच निर्णय चुकला. पोरांनी अशी हुर्यो उडवली की त्यांचे कान लाल झाले. दुसरा दिला तेव्हा आवाज कापत होता. तिसऱ्याला मात्र पोरगं अंगावर धावून आलं तरी हटले नाहीत. म्हणाले, "मी पाहिलंय. बाहेर होता." पोरगं दोन क्षण बघत राहिलं आणि मागे फिरलं. मग पुढच्या चुकीला त्यांच्याकडून शिट्टी काढून घेतली, हे वेगळं.

जाताना त्यांनी मला विचारलं, "हे तुम्हाला कसं सुचलं?" मी खरं सांगितलं. मला दिसत नव्हतं, म्हणून. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता होईल ते होईल. मी तुझं ऐकलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुझा,
मामा


२ एप्रिल

मामा,

मैदान राहिलं!

बैठकीला मी बाहेर बसले होते, त्यामुळे आत काय झालं ते मोठ्या बाईंनी सांगितलं तेवढंच. लाल पेननी तक्त्यात हाताने एक नवा रकाना आखला होता. अध्यक्ष म्हणाले, असा बदल मध्येच करता येत नाही. लाल पेन म्हणाले, मग आपण इतकी वर्षं अर्धाच खेळ मोजतोय हे लिहून ठेवावं लागेल. मदत पुढची तीन वर्षं चालू. शिवाय शिट्टीचा प्रकार आणखी काही मैदानांवर करून बघायचं ठरलंय. नगरपालिकेला पत्र गेलं आहे, खुंट्या परत कर.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला आवडत नाहीये. मदत घेणारं मैदान यापुढे प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच चालवायचं, असा नियम झाला आहे. सगळ्यांनाच लागू आहे, तुझ्या एकट्यासाठी नाही. मे महिन्यात वर्ग आहे, शेवटी मैदानावरची परीक्षा. पास झालास तर मैदान तुझ्याकडे. नाहीतर पुढच्या परीक्षेपर्यंत निधीचा माणूस येईल आणि तुला मैदानावर अधिकाराने काही करता येणार नाही.

परीक्षा घेणाऱ्यांत काडी आहे. तिने कळवलं होतं की हे माझे गुरू, मला यातून वगळा. तिला उत्तर आलं, त्या गावचे सगळे वगळले तर परीक्षक आणायचे कुठून?

तुझी,
चौकशीबाई


६ एप्रिल

चौकशीबाई,

या वयात परीक्षा. इतकी वर्षं मैदान झाडलं, रेषा आखल्या, पोरांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, त्याला प्रमाणपत्र नाही म्हणे. मी रागावलो आहे आणि दोन दिवस रागावलेलाच राहणार आहे.

वर्गाला नाव घाल. काडी परीक्षक असेल तर काळजी नाही, घरचंच माणूस आहे.

मामा


१२ जून

चौकशीबाई,

नापास झालो.

तुझे डोळे मोठे झालेले मला इथून दिसतायत. पुस्तकी पेपर चांगला गेला. मैदानावरच्या परीक्षेत अनोळखी पोरांचा खेळ चालवायचा होता. काडी कडेला वही घेऊन उभी होती, माझ्याकडे पाहून हसलीही नाही. चष्मा होता, सगळं लख्ख दिसत होतं. शेवटी शेवटी चेंडू रेषेवरून आत गेला. मी पाहिला. गोल दिला. त्याबरोबर एक दांडगा मुलगा माझ्यावर ओरडला, "बाहेर होता! दिसत नाही का?"

चूक त्याची होती. मला पक्कं ठाऊक होतं. पण ते ‘दिसत नाही का’ ऐकलं मात्र, तोंडातून आपोआप निघालं, "पटत नसेल तर शिट्टी घे." आणि मी हात पुढे केला.

काडीने तिथल्या तिथे लिहिलं. संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मामा, बरोबर निर्णय होता आणि तुम्ही शिट्टी सोडलीत. पास करता येत नाही."

मी म्हटलं, "अगं, तुम्हाला सगळ्यांना मी असंच तर शिकवलं."

ती म्हणाली, "आम्ही शिट्टी घ्यायला शिकलो मामा. तुम्ही रोज द्यायचात. धरून ठेवायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही."

मी खूप विनवलं तिला. लाज वाटते सांगायला, पण विनवलं. म्हटलं, मैदान जाईल माझ्या हातून. तिचे डोळे भरून आले. खांदा घट्ट धरला माझा. निकाल बदलला नाही.

परतताना गाडीत मी रडलो, हे तुला म्हणून सांगतो. मैदानासाठी रडलो, स्वतःसाठी रडलो. मग मध्येच मनात आलं, ही पोरगी समोर तिचा मामा हात जोडून उभा असताना हलली नाही. भोपळा, घुम्या, वकील, देशभर पसरलेली ती सगळी अशीच उभी राहत असतील. तेव्हा बाळ, ऊर भरून आला. आयुष्यात माझ्या हातून काही मोठं झालंय असं मला पहिल्यांदा वाटलं, आणि तेही नापास होऊन. मामीला सांगितलं तर म्हणाली, मग रडताय की हसताय ते एकदा ठरवा.

निधीचा माणूस सोमवारी आला. तरुण आहे, बरा आहे. मी त्याला शिट्टी आणि कुलपाची किल्ली दिली आणि बाकावर जाऊन बसलो. चिंगळी विचारायला आली, "मामा, तुम्ही खेळ सुरू करणार नाही?" मी म्हटलं, पुढची परीक्षा डिसेंबरात आहे. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली की रोज संध्याकाळी खेळ संपल्यावर ती माझ्यावर ओरडेल आणि मी शिट्टी सोडायची नाही. कालपासून सुरुवात केलीय. फार वाईट ओरडते.

तुझा,
मामा